लॉकडाऊनात नदी-समुद्र खरंच साफ झालते काय? बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवारवाले सांगा

नाल्याकाठचा_बेळगाव

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरायलाय, की वर्षातनं एकदा पंधरा दिवस लॉकडाऊन लावा म्हणजे सगळ्या नद्या आपोआप स्वच्छ होतील, २०२० ला निसर्गानंच दाखवून दिलंय. खाली व्हेनिसचा कालवा, हरिद्वारची निळी गंगा, किनाऱ्यावर कासवं असले फोटो. चांगली शिकलेली पोरंपण त्याला लाईक करायलेत.

आता माझं ऐका. आमचं हलग्यातलं शेत बळ्ळारी नाल्याला लागून हाय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बेळगाव शहराचं सांडपाणी घेऊन हा नाला वडगाव, शहापूर, हलग्याच्या शिवारातनं पुढं मार्कंडेयला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. पावसाळ्यात नाला फुगला की हेच पाणी भातात शिरतंय आणि पीक कुजतंय, हे आमचं नेहमीचं रडगाणं. तर २०२० च्या एप्रिलात उद्यमबागेतले कारखाने बंद, बाजार बंद, हायवेवर गाडी नाही, आम्ही कोबी तोडून जनावरांपुढं टाकला कारण न्यायचा कुठं, सगळं जग थांबलं पण नाला होता तसाच. तेच काळं पाणी, तोच वास, संध्याकाळचा तर जास्तच. मी रोज शेतात होतो, हे ऐकीव नाही.

मग बाकीच्या नद्या साफ झाल्या त्या कशा आणि आमचा नाला का नाही झाला? का ते फोटोच सगळे खोटे? कारवार-गोव्याकडं समुद्राचं काय झालं? आम्ही नाल्याकाठचे शेतकरी मिळून एक निवेदन द्यायचं म्हणतोय, आणि तिथं कुणीतरी उठून हाच मेसेज वाचून दाखवणार हे मला आत्ताच दिसतंय, म्हणून नीट माहिती पाहिजे. ज्यांनी बघितलंय किंवा ज्यांचा अभ्यास हाय त्यांनी लिहा, फॉरवर्ड टाकू नका प्लीज.


दूधगंगा_निपाणी

दादा तुमच्या नाल्याचं मला माहीत नाही पण आमच्या बाजूला फरक पडलाच, आणि तो लई पडला. आमची दूधगंगा पुढं यडूरच्या बाजूला कृष्णेला मिळते, आणि कृष्णेत तोवर पंचगंगेचं पाणी उतरलेलं असतंय. पंचगंगा म्हणजे कोल्हापूर-इचलकरंजीचं सगळं पोटात घेऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेत येते, ते तिथनं खाली आमच्या चिकोडी तालुक्याला. उन्हाळा लागला की हिरवट-काळं पाणी, केंदाळाचा थर, बंधाऱ्याखाली हातभर फेस, आणि एखाद्या सकाळी काठाला मासे पांढरी पोटं वर करून लागलेले. हे आम्हाला नवीन नाही, निवेदनं देऊन देऊन माणसं थकली.

२०२० ला मार्चअखेर यंत्रमाग बंद, सुताला खळ लावायचे सायझिंग बंद, कापड रंगवायचे प्रोसेस हाऊस बंद. एप्रिलच्या मध्यावर मी घाटावर गेलतो जनावरं धुवायला, तर पाण्यातली तिसरी पायरी दिसायलती. इतर वर्षी उन्हाळ्यात पहिलीपण दिसत नाही. फेस नाही. आणि एक खंड्या बसलावता घाटाच्या कठड्यावर, सूर मारून मासा घेऊन परत तिथंच. पाण्यातलं दिसल्याशिवाय तो पक्षी सूर मारत नाही, एवढं तर आम्हाला कळतंय. साखर कारखान्यांना त्यावेळी सूट होती, अत्यावश्यक म्हणून, पण तसापण हंगाम उरकत आलावता.

त्यामुळं माझं मत असं, की मेसेज अर्धा तरी खरा हाय. कारखान्याचं पाणी बंद झालं की नदी सुधारते हे आम्ही बघितलं. वर्षानुवर्षं आम्हाला सांगतात की प्रदूषण नेमकं कुणाचं हे सिद्ध होत नाही, तपास चालू हाय, नमुने घेतलेत. अरे कारखाने बंद केल्यावर पायरी दिसली की, आणखी काय सिद्ध करायचं? लॉकडाऊन परत लावा असं मी म्हणणार नाही, त्या दोन महिन्यात आमच्या गल्लीतल्या विणकर मजुरांच्या घरात चूल पेटत नव्हती, ते दिवस परत नकोत. पण जे दिसलं ते दिसलं.


रसायनवाले_सर

दोघांचंही बरोबर आहे. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, पाण्याचे नमुने तपासणं हे आमचं नेहमीचं काम, म्हणून थोडं सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

नदीत घाण येते ती मुख्यतः दोन वाटांनी. एक कारखान्याचं पाणी, दुसरं घराघरातलं सांडपाणी. २५ मार्च २०२० पासून पहिली वाट बऱ्यापैकी बंद झाली. दुसरी बंद होणं शक्यच नव्हतं, माणसं होती तिथंच होती, उलट सगळे दिवसभर घरात, वीसदा हात धुणं, बाहेरून आलं की कपडे भिजवणं. निपाणीच्या दादांच्या नदीवर कारखान्यांचा बोजा मोठा, तो उतरल्यावर फरक दिसला. हलग्याच्या दादांचा नाला म्हणजे मुळात शहराचं सांडपाणीच, त्याला कसला लॉकडाऊन.

हे माझं मत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं सप्टेंबर २०२० मध्ये देशातल्या १९ मोठ्या नद्यांचा अहवाल दिला, लॉकडाऊनच्या आधीचे मार्चचे नमुने आणि एप्रिलचे नमुने शेजारी ठेवून. अंघोळीयोग्य पाण्याच्या निकषात किती नमुने बसतात ते बघितलं. ७ नद्या सुधारल्या, त्यात आपली कृष्णा आहे, सुमारे ८५ टक्क्यांवरून ९४ वर गेली. गोदावरी, कावेरी, तापी, यमुना यापण सुधारल्या. आणि ५ बिघडल्या. त्या पाचात कोण आहे बघा, गंगा! जिच्या निळ्या पाण्याचे फोटो देशभर फिरले ती गंगा सुमारे ६५ टक्क्यांवरून ४६ वर घसरली. कारण मंडळानंच दिलंय, प्रक्रिया न केलेलं किंवा अर्धवट प्रक्रिया केलेलं सांडपाणी, आणि ते पातळ करायला वरून येणारं पाणी नगण्य.

म्हणजे फोटो खोटे होते का, तर नाही. पाणी नितळ दिसतं ते त्यातला गाळ खाली बसला म्हणून, आणि मैल्यातले जंतू डोळ्याला दिसत नाहीत. व्हेनिसला नेमकं हेच झालं, बोटींची ये-जा थांबली, तळाचा गाळ ढवळायचा बंद झाला, कालव्याचा तळ दिसायला लागला. तिथल्या महापौरांच्या कार्यालयानंच तेव्हा सांगितलं होतं की हा गाळाचा परिणाम आहे. त्या कालव्यात डॉल्फिन आल्याचा जो व्हिडिओ होता तो मात्र व्हेनिसचा नव्हताच, सार्डिनिया बेटावरच्या बंदरातला होता. आपल्याकडं केरळच्या वेंबनाड सरोवरावर उपग्रहाच्या चित्रांवरून अभ्यास झाला, पाण्यात तरंगणारा गाळ सरासरी १५.९ टक्क्यांनी कमी भरला, हाऊसबोटी बंद, आजूबाजूचे उद्योग बंद. चांगला अभ्यास आहे, मी वर्गात सांगतो. पण उपग्रहाला गाळ दिसतो, कोलिफॉर्म म्हणजे मैल्यातले जंतू दिसत नाहीत, हेही सोबत सांगतो.

निपाणीच्या दादांना एक विनंती. पायरी दिसली ते मी मानतो, पण त्या उन्हाळ्यात नदीत पाणी किती सोडलं होतं तेही बघायला पाहिजे. २०१९ चा पाऊस प्रचंड, महापूर आलेला, त्या वर्षीची नदी आणि एखाद्या दुष्काळी सालची नदी यांची तुलना होत नाही. पाणी जास्त असलं की तीच घाण पातळ होते. त्यामुळं सगळं श्रेय बंद कारखान्यांना द्यायच्या आधी मागच्या चार-पाच वर्षांचे एप्रिलचे आकडे काढा, त्या त्या वेळचा विसर्ग काढा, मग तुमचं म्हणणं कुणाला खोडता येणार नाही. तुमचं म्हणणं पक्कं व्हावं म्हणूनच सांगतोय.

आणि निवेदनासाठी एक आकडा लिहून घ्या. केंद्रीय मंडळाच्याच २०२०-२१ च्या आकडेवारीप्रमाणं देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि प्रत्यक्ष प्रक्रिया होते २०,२३६ दशलक्ष लिटरवर. बाकी सगळं असल्याच नाल्यांतनं नदीत जातं. पंधरा दिवस दुकानं बंद ठेवून हे पाणी कुठं जाणार आहे?


नाल्याकाठचा_बेळगाव

सर मनापासून धन्यवाद. गंगेचं ऐकून मी दोनदा वाचलं. हे कागदावर मिळालं ते लई बरं झालं, कारण आम्ही म्हणतोय ते काळं पाणी कुणी मानतच नव्हतं, म्हणायचे तुम्ही शेतकरी प्रत्येक गोष्टीला विरोध करता. समुद्राकडचं कोण सांगेल काय?


कारवारची_सून

मी सांगते. माझं माहेर बेळगावची टिळकवाडी, सासर कारवार, घरात मासळीचा धंदा, दिरांची बोट आहे. समुद्र साफ झाला, मासे वाढले, हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण ज्यांनी तो उन्हाळा बंदरात काढला त्यांना कुणी विचारत नाही.

मार्चअखेर सगळ्या बोटी धक्क्याला लागल्या. १० एप्रिलला केंद्रानं मासेमारीला सूट दिली, पण बर्फाचा कारखाना बंद, खलाशी ओडिशा-झारखंडचे, कोण गावाला गेलेले कोण बोटीवरच अडकलेले, गाडी घाटावरच्या नाक्यावर अडवलेली. बेळगावच्या कॅम्पातल्या मार्केटला आमचा माल जायचा तो थांबला. माझी आई फोनवर म्हणायची, अगं बांगडा बघून महिना झाला.

त्या दिवसांत रापणवाल्यांना, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांना, काठालगत बरी मासळी मिळाली, हे खरं. बांगडे, तारले, आणि ते बघून सगळे म्हणाले बघा समुद्र भरला. माझे सासरे जन्मभर समुद्रावर, त्यांचं म्हणणं असं की मासे वाढले नाहीत, ट्रॉलर आणि पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या जाळ्यांच्या यांत्रिक बोटी, बाहेर नव्हते म्हणून काठापर्यंत आले. मलाही तेच पटतं. समुद्रातला मासळीचा साठा दोन महिन्यांत वाढत नसतो. युरोपात दुसऱ्या महायुद्धात उत्तर समुद्रातली मासेमारी कितीतरी वर्षं जवळजवळ थांबली होती, तेव्हा कुठं नंतर जाळी भरून यायला लागली. आमच्याकडं काही आठवडे बोटी थांबल्या आणि मग काय झालं ते कुणाच्या मेसेजमध्ये येत नाही. पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस बंदी असते, मासळीच्या अंड्यांचे दिवस म्हणून. २०२० ला बोटवाल्यांचं नुकसान झालं म्हणून ती १५ जूनपासून सुरू केली, ४७ दिवसच. नुकसान झालेलं होतंच, बँकेचा हप्ता कसा भरायचा ह्यावरून आमच्या घरात जेवणं होत नव्हती, त्यामुळं दोष कुणाला देऊ. पण समुद्राला विश्रांती मिळाली म्हणायचं आणि तिचेच चौदा दिवस कापायचे, हे मला तेव्हाही सलत होतं.

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे आकडे आहेत, २०१९ ला देशाची समुद्री मासळी ३५.६ लाख टन, २०२० ला २७.३ लाख टन, २०२१ ला ३०.५ लाख टन. २०२० चा आकडा कमी आहे तो बोटी बाहेर पडल्या नाहीत म्हणून. हे लिहितेय कारण मासे वाढले असते तर पुढच्या वर्षी जाळ्यात दिसले असते ना.

आणखी एक. नोव्हेंबर २०२० ला आपल्या कर्नाटकच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकायच्या, तुम्ही व्हिडिओ बघितले असतील. पाण्यात हात घातला की बोटांभोवती निळा उजेड, माझी मुलगी तर हटून बसली घरी यायलाच तयार नाही. तेव्हापण लोकांनी लिहिलं, समुद्र शुद्ध झाल्याची खूण. तो नॉक्टिल्युका नावाचा बारीक जीव असतो, पाण्यात खताचा, सांडपाण्याचा अंश वाढला की असले जीव माजतात, दिवसा तेच पाणी लालसर-हिरवट दिसतं आणि मासे तिथनं लांब जातात. म्हणजे खूण असलीच तर उलटी.

चांगलं काहीच झालं नाही असं नाही. किनाऱ्यावरचे दिवे आणि गोंधळ कमी होते, देवबागच्या बाजूला कासवं आधीही यायची पण पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात, रस्त्यावरचे दिवे आणि हॉटेलचे दिवे नसले की सरळ पाण्याकडं. मोठी जहाजं कमी झाली तेव्हा पाण्याखालचा आवाजही कमी झाला, कॅनडात व्हँकुव्हरजवळ समुद्राच्या तळाशी माईक बसवलेत त्यावर ते मोजलं गेलंय. देवमासे आवाजावरच जगतात, त्यांना तेवढं बरं झालं असेल.


जांबोटीचा_वाटसरू

ताई तुमच्या समुद्रात आमच्या डोंगरातनं काय येतंय ते पण लिहितो. खानापूर तालुक्याची गंमत अशी की पाणी दोन दिशांना जातं. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते ती पूर्वेला, नविलुतीर्थ धरण, मग कृष्णा, शेवटी बंगालचा उपसागर. आणि तिथनं जवळच देगावच्या जंगलातनं म्हादई निघते ती पश्चिमेला, गोव्यात मांडवी होऊन पणजीला अरबी समुद्रात. म्हणजे चोर्ल्याच्या बाजूला ओढ्यात काही टाकलं तर ते गोव्याच्या किनाऱ्यावर, आणि हलग्याच्या दादांच्या नाल्यात टाकलं तर ते मार्कंडेय, घटप्रभेतनं अलमट्टीच्या धरणात.

लॉकडाऊनच्या पहिल्या उन्हाळ्यात आमच्या ओढ्याला खरंच शांतता होती. शनिवार-रविवारी बेळगाव, गोव्याकडनं येणाऱ्या गाड्या, ओढ्याकाठी चिकन शिजवणं, प्लेटा, बाटल्या फोडणं, सगळं बंद. पण उठवल्याबरोबर दुप्पट लोक आले, घरात बसून कंटाळलेले, आणि आता प्लेटांच्या जोडीला मास्क.

पोरांना घेऊन आम्ही पावसाळ्यानंतर पुलाखालची जागा साफ करतो. २०२१ च्या पुरानंतर जे बघितलं ते विसरत नाही. पाणी उतरल्यावर करंजाच्या फांद्यांना, उंच, पूर जिथवर आलता तिथवर मास्क लटकलेले, कानाच्या दोऱ्या काटक्यांत गुंतलेल्या. एक काढून हातात घेतला, बाहेरचा निळा थर पांढरा पडलेला, नाकावरची तार बाहेर आलेली, आणि मधला थर सुटून कापसासारखा पिंजलेला. पाण्यात बुडवून चोळला तर बारीक बारीक तंतू सुटून वाहून गेले, बघता बघता दिसेनासे. तो कापूस नव्हं, पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे प्लास्टिकच. ते तंतू मासा खातो, कोळंबी खाते. फांदीवरचा मास्क आपण काढू शकतो, तंतू झालेला कोण काढणार?

२०२१ मध्येच एक मोठा अभ्यास आलाय, १९३ देशांचा हिशेब, ऑगस्ट २०२१ पर्यंत महामारीमुळं ८४ लाख टन प्लास्टिक कचरा आणि त्यातला सुमारे २५,९०० टन समुद्रात. म्हणून तो साफ नदीचा मेसेज बघितला की माझं डोकं उठतं. पाणी चार दिवस नितळ झालं आणि प्लास्टिक पुढच्या कित्येक पिढ्यांना.


वॉर्डातली_ताई

वाटसरू दादा, राग समजतो पण मास्कला दोष देऊ नका. मी त्या दोन्ही लाटांत कोविड वॉर्डात नर्स होते. पीपीई किट घातलं की आठ तास पाणी नाही, बाथरूम नाही, काढलं की अंगावरची त्वचा सुटायची, आणि तरी ते घातलं म्हणून आज लिहायला जिवंत आहे. प्लास्टिक लागणारच होतं, प्रश्न ते वापरून झाल्यावर गेलं कुठं हा आहे. तुम्ही म्हणता त्याच अभ्यासात आहे की ह्या कचऱ्यातला ८७ टक्के दवाखान्यांचा आणि लोकांच्या वैयक्तिक मास्क-ग्लोव्हजचा ८ टक्क्यांच्या आतच.

दवाखान्याचा कचरा पिवळ्या पिशवीत, दोन पिशव्या एकात एक घालून, त्यावर कोविड लिहून, जाळायच्या केंद्रावर जायचा. आमच्याकडं ते कडक होतं. घरी उपचार घेणाऱ्यांचं काय? नियम होता की रुग्णाच्या घरातला कचरा वेगळा द्यायचा, आणि साध्या माणसानं वापरलेला मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवून, कापून मग सुक्या कचऱ्यात टाकायचा. आमच्या गावात किती जणांना हे कुणी सांगितलं? गाडी आठवड्यातनं एकदा, तीपण कधी येईल कधी नाही. मग उकिरडा, उकिरड्यावरनं ओढा. गावातली माणसं निष्काळजी होती म्हणून हे झालं असं मी म्हणणार नाही, त्यांना जागाच दिली नव्हती.

आणि औषध फवारणीचं कुणी लिहिलं नाही. द्राक्षबागेचे ब्लोअर लावलेले ट्रॅक्टर आणून गल्लोगल्ली हायपो, म्हणजे क्लोरीनचं जंतुनाशक, मारलं, भिंती, रस्ते, झाडं, देवळाचा पार. लोकांना धीर यायचा एवढाच उपयोग. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्येच सांगितलं की रस्त्यावर असं मारून विषाणू जात नाही, माती आणि घाणीत ते औषध निष्प्रभ होतं. पण तेवढ्यात गटारीत जे गेलं ते गेलं, क्लोरीन किडामुंगी, बेडूक, बारीक मासा काही बघत नाही. स्पेनमध्ये तर एका गावानं ट्रॅक्टर लावून अख्खा समुद्रकिनारा ब्लीचनं फवारला होता, तिथल्या वाळूतले जीव, पक्ष्यांची अंडी गेली, नंतर माफी मागितली. भीतीपोटी माणूस काय करतो ते त्या दिवसांत लई बघितलं.

हलग्याच्या दादांना अजून एक, निवेदनात कोरोना नाल्यातनं पसरतो असलं काही घालू नका. सांडपाण्यात विषाणूचे अंश सापडले होते हे खरं, अहमदाबादच्या सांडपाण्यावर गांधीनगर आयआयटीनं काम केलंय, पण त्याचा उपयोग शहरात साथ किती वाढतेय ते ओळखायला होतो. नाल्याच्या पाण्यानं जुलाब, कावीळ, टायफॉइड होतो, तेवढं लिहिलं तरी पुरे.


दूधगंगा_निपाणी

ताई तुम्हाला नमस्कार. सर, विसर्गाचे आकडे काढायचं मनावर घेतलंय, कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचे मिळतील का बघतो. पण कारखान्याच्या बाबतीत मी मागं हटणार नाही, कृष्णा सुधारली हे तुमच्याच अहवालात हाय.


नाल्याकाठचा_बेळगाव

सगळ्यांचे आभार. कोरोनाचा मुद्दा काढून टाकला ताई, तो खरंच घातलावता आम्ही मसुद्यात. आता सर शेवटचं विचारतो, आम्हीच नाल्याचे नमुने घेतले तर चालतील काय, कसे घ्यायचे?


रसायनवाले_सर

घ्या की. अधिकृत निकालाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळाच लागेल, पण त्यांच्या पुढ्यात टाकायला तुमचे स्वतःचे आकडे असले तर बोलणं सोपं जातं.

चार गोष्टी बघायच्या, पीएच म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे ते, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जंतूंना किती ऑक्सिजन लागतो ते, आणि मैल्यातले कोलिफॉर्म. अंघोळीच्या पाण्याला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम लागतो, बीओडी ३ च्या आत, पीएच ६.५ ते ८.५, कोलिफॉर्म १०० मिलीला ५०० असावेत आणि २,५०० च्या वर तर नकोच. नाल्याला हे निकष लागू नाहीत हे लक्षात ठेवा, ते नदीला आहेत. म्हणून नुसता नाल्याचा नमुना घेऊन उपयोग नाही, कुणीही म्हणेल नाला म्हणजे नालाच. नाला मार्कंडेयला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला एक, खालच्या अंगाला पाणी नीट मिसळल्यावर एक, आणि नाल्याचा एक, असे तीन एकाच सकाळी घ्या. सूर्य उगवायच्या सुमारास घ्या, रात्रभरात ऑक्सिजन सगळ्यात खाली आलेला असतो, दुपारी शेवाळामुळं तो वाढतो आणि पाणी बरं असल्यासारखं दिसतं.

ऑक्सिजनची बाटली पाण्याखालीच भरायची, पाण्याखालीच बूच लावायचं, आत बुडबुडा राहिला तर नमुना टाकून द्या. त्यात दोन द्रावणं तिथल्या तिथं घालावी लागतात, ती मी देतो. कोलिफॉर्मची बाटली निर्जंतुक केलेली असते, ती आतून हात न लावता, तोंड पाणी येतं त्या बाजूला करून भरा, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी आणा. सोबत हातमोजे घाला, ते पाणी अंगावर घेऊ नका.

एकदा घेऊन थांबू नका. पावसाआधी, पावसात आणि दिवाळीनंतर असे तीनदा तरी पाहिजेत, नाहीतर मी निपाणीच्या दादांना जे म्हटलं तेच लोक तुम्हाला म्हणतील. बाटल्या कॉलेजात आहेत, पुढच्या आठवड्यात परीक्षा संपतात, त्यानंतर कुठल्याही सकाळी दोघा-तिघांना घेऊन या.